गॅलरीतल्या वर्कबेंचची घरगुती साधनं: आठ महिने वापरल्यानंतर

मुलुंडच्या आमच्या फ्लॅटची गॅलरी 9 बाय 4 फूट. त्यात वॉशिंग मशीन, तुळस आणि माझा वर्कबेंच, म्हणजे 18 मिमी प्लायचे दोन थर चिकटवून केलेलं टेबल. जानेवारीत त्याच्यासाठी चार वस्तू घरीच बनवल्या. आता पाऊस सरत आलाय, तेव्हा खरं काय ते सांगता येईल.

सगळ्यात सोपा बेंच हुक, आणि रोज हाताशी लागतो तोच. फळीच्या एका टोकाला खालून पट्टी, दुसऱ्या टोकाला वरून. खालची टेबलाच्या कडेला अडते, वरचीला लाकूड टेकवायचं आणि करवत चालवायची. आपला सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबतो, ते काम उभ्याने ही पट्टी करते. मी पट्ट्या स्क्रूने बसवल्या, हा गाढवपणा. मे महिन्यात करवत पट्टीतून खाली उतरली ती थेट स्क्रूवर, दोन दात गेले. आता फेविकॉल आणि बांबूच्या मेखा. जपानी करवत ओढताना कापते, त्यामुळे लाकूड पट्टीपासून सुटून आपल्याकडे येतं. तिच्यासाठी उलटा हुक केला: वरची पट्टी आपल्या बाजूला, खालची टेबलाच्या पलीकडच्या कडेला. टेबल दीड फूटच रुंद आहे म्हणून जमलं.

बेंच डॉग म्हणजे टेबलाच्या भोकात उभ्या खुंट्या, रंधा मारताना लाकूड अडवायला. (शेजारचा मुलगा बघायला आला आणि 'कुत्रा कुठाय?' विचारून हिरमुसला होऊन गेला.) नागदेवी स्ट्रीटवरून 19 मिमीचं बिट आणलं, फावड्याच्या जुन्या दांड्यातून खुंट्या काढल्या. मार्चमध्ये मस्त घट्ट. जुलैत खालून हातोडी मारल्याशिवाय एकही निघेना. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, आडवं फुगतं, तेही सगळीकडे सारखं नाही. गोल खुंटी अंडाकृती झाली, प्लायमधलं भोक मात्र होतं तसंच. मग खुंट्या घासून सैल केल्या आणि सायकलच्या ट्यूबचं कडं चढवलं. वर्षभराचं घट्ट-सैल ते रबर सांभाळून घेतं.

मॉक्सन वाईस म्हणजे लाकूड उभं पकडून ठेवायचा शिकंजा. दोन फळ्या, दोन आटेदार सळया. चार संध्याकाळी घातल्या, वापरला दोनदा. डव्हटेल सांधे (दोन फळ्यांची टोकं पंखाच्या आकाराच्या खाचांनी एकमेकांत अडकवायची) करत नसाल तर नादी लागू नका. हिच्या छत्र्या त्यावर वाळतात.

शूटिंग बोर्डवर मात्र जीव आहे. फळीचं टोक आडव्या रंध्याने काटकोनात तासायची ही चौकट. पहिला अख्ख्या लाकडाचा केला, पावसात फळीला बाक आला. दुसरा मरीन प्लायचा. तरी टोकं तिरकीच. दोष बोर्डात शोधत राहिलो, चोर निघाला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. त्याने एक रेघ मारली, उलटवून त्याच बिंदूवरून दुसरी मारली, तर दोन्ही फाकल्या. जेवढं फाकतं त्याच्या निम्मी चूक. नवा गुण्या आणला. बोर्डवरच्या आडव्या पट्टीचं एक भोक लांबट करून स्क्रू सैल-घट्ट करता येईल असं ठेवलं. रंध्याच्या वाटेवर मेणबत्ती घासतो. कोपऱ्यात भुसा अडकून रंधा उचलला जायचा, तिथली कड तासून भुशाला जागा दिली. गेल्या रविवारी सागाच्या दोन तुकड्यांची टोकं एकमेकांना लावून ट्यूबलाइटसमोर धरली. उजेड आला नाही.