लाळेतून कॉर्टिसॉल मोजायचं घरगुती किट: चार नळ्या असतील तरच घ्या
मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक (हार्मोन) सोडतो, त्यावर मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि मग मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक. या साखळीचं शेवटचं टोक हे किट मोजतं. एकाच नळीचं किट म्हणजे पैसे पाण्यात. जाग आल्यावर 30 ते 45 मिनिटांत कॉर्टिसॉल शिखर गाठतं, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं. म्हणून दिवसातल्या वेगवेगळ्या वेळांसाठी चार नळ्या; वेळ न लिहिलेल्या आकड्याला अर्थ नाही.

खरा घोळ नमुना घेताना होतो. आधी अर्धा तास खाणं-पिणं, ब्रश बंद. हिरडीतून रक्त आलं तर आकडा फुगतो. स्टिरॉइडचा इन्हेलर किंवा मलम चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. माहितीपत्रकात हे शेवटच्या पानावर, तेही बारीक अक्षरात! खोक्यावर ‘अ‍ॅड्रिनल थकवा’ छापलं असेल तर हात लावू नका. सततच्या ताणाने अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकतात, असं निदान वैद्यकशास्त्र मानत नाही.