बोन कंडक्शनवाला इअरफोन की साधा? कमी पैशात निवड करताना

दोन्ही कानांत बोटं घाला आणि तोंड मिटून 'म्म्म' करा. आवाज डोक्याच्या आतच घुमतो, आणि बोटं काढली की एकदम पातळ होतो. बोन कंडक्शनबद्दल खरेदीपूर्वी जे कळायला हवं त्यातलं निम्मं इथेच कळतं. हाडातून आवाज जातो, त्यात खालचे सूर भरदार लागतात आणि कान बंद असला की ते आणखी फुगतात.

उरलेलं निम्मं खोक्यावर छापलेलं नसतं. माझा पहिला अशा जातीचा इअरफोन मी 'बेस अंगावर येतो' एवढ्या एका वाक्यावर घेतला. अंगावर काही आलं नाही. कानाच्या खोलगट भागात थोडी गुदगुली झाली आणि झांजा जरा जास्त चमकल्या. वस्तू वाईट नव्हती, मीच ती चुकीच्या कारणासाठी घेतली होती. तशी चूक टाळायची असेल तर आधी नावाचा गुंता सोडवायला हवा.

एक नाव, तीन वस्तू

पहिली वस्तू म्हणजे डोक्यामागून जाणारी लवचिक पट्टी, जिची दोन टोकं कानाच्या पुढे गालाच्या हाडावर टेकतात. कान पूर्ण मोकळे राहतात. यातलं सर्वांत ओळखीचं नाव शॉक्झ, जी कंपनी २०२१ च्या अखेरीपर्यंत आफ्टरशॉक्झ म्हणून विकत होती.

दुसरी वस्तू दिसायला नेहमीच्या कानात घालायच्या वायरवाल्या इअरफोनसारखीच. आत नेहमीचा डायनॅमिक ड्रायव्हर असतो, म्हणजे पातळ पडदा हलवून आवाज काढणारा छोटा स्पीकर, कधी सोबत बॅलन्स्ड आर्मेचर नावाचे आणखी बारीक स्पीकर असतात, आणि शिवाय एक छोटा ड्रायव्हर जो हवेऐवजी कवचालाच हलवतो. ही कल्पना युनिक मेलडीच्या मेस्टसारख्या महागड्या मॉडेलमुळे शौकिनांना माहीत झाली आणि मग स्वस्तात उतरली. बीक्यूईवायझेडच्या विंटर आणि विंड या मॉडेलांत डायनॅमिकच्या जोडीला पिएझो (विजेने वाकणाऱ्या चकतीचा) बोन कंडक्शन ड्रायव्हर आहे.

तिसरी वस्तू सर्वांत फसवी. वायरलेस बड्सच्या जाहिरातीत 'बोन सेन्सर' असं लिहिलेलं असतं. ह्वावेच्या फ्रीबड्स ३ मध्ये २०१९ साली असा सेन्सर होता. हा सेन्सर तुम्हाला काहीच ऐकवत नाही, तो तुमचं बोलणं ऐकतो. कॉलवर वाऱ्याच्या गोंगाटातून तुमचा आवाज वेगळा काढायला त्याचा उपयोग. कॉल खूप होत असतील तर कामाची गोष्ट आहे, पण गाणं त्याने तसूभर बदलत नाही. ही तिसरी वस्तू इथेच सोडून देतो.

हाडाचा रस्ता खरंच किती चालतो

कानाचे डॉक्टर एक जुनी चाचणी करतात. हाइनरिश अडोल्फ रिने यांनी ती १८५५ मध्ये मांडली. ट्यूनिंग फोर्क वाजवून त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवायचा, आवाज ऐकू येईनासा झाला की तोच काटा कानासमोर धरायचा. कान निरोगी असेल तर आवाज पुन्हा ऐकू येतो. म्हणजे आपल्या कानाचा राजमार्ग हवेचाच आहे. हाड ही आडवाट आहे, आणि ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडथळा असलेल्या लोकांना. त्यांच्यासाठी हाडात बसवायची श्रवणयंत्रं १९७७ पासून आहेत.

दोन्ही रस्ते शेवटी पोचतात मात्र एकाच ठिकाणी, आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी १९३२ मध्ये हाडातून दिलेला सूर हवेतून दिलेल्या सुराने पुसून टाकून हे दाखवलं होतं. याचा खरेदीशी थेट संबंध आहे. 'बोन कंडक्शन कानाला सुरक्षित' ही समजूत याच मुद्द्यावर कोसळते. मोठ्या आवाजाने इजा होते ती पडद्याला नव्हे, त्या नळीतल्या नाजूक केसपेशींना. पडद्याला वळसा घातला तरी तिथे जावंच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास ही मर्यादा कुठल्याही रस्त्याने ऐकलंत तरी डोक्यात ठेवायची.

आता दाबाचा प्रश्न. श्रवणतपासणीत हाडावर जो कंपक ठेवतात तो डोक्याभोवतीच्या पट्टीने सुमारे ५.४ न्यूटन जोराने दाबलेला असतो. साध्या भाषेत, अर्ध्या किलोपेक्षा थोडं जास्त वजन त्या एवढ्याशा जागेवर. एवढं दाबल्यावर कंपन हाडात नीट उतरतं. कानात अडकवलेला इअरफोन त्याच्या जवळपासही दाबत नाही. शिवाय तो टेकतो कुठे? कानाच्या खोलगट भागात, आणि तिथे कातडीखाली हाड नाही, कूर्चा आहे, मऊ आणि वाकणारी. कूर्चा हलली की कानाच्या नळीतली हवा हलते आणि आवाज पुन्हा पडद्यावरच येतो. म्हणजे या इअरफोनच्या नावात हाड असलं तरी त्याचं बरंचसं काम कूर्चा आणि हवाच करतात. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण परिणाम खोटा नाही. पण तो कवच तुमच्या कानात किती घट्ट बसतं यावर अवलंबून आहे. एकाच मॉडेलबद्दल एकजण 'जादू' म्हणतो आणि दुसरा 'काहीच फरक नाही' म्हणतो, त्याचं मोठं कारण हेच असणार.

कानात घालायचे दोन: बोन कंडक्शन ड्रायव्हरवाला आणि त्याशिवायचा

बेसपासून सुरू करू, कारण बहुतेक लोक त्यासाठीच येतात. स्वस्त मॉडेलांतला बोन कंडक्शन ड्रायव्हर बहुधा पिएझो जातीचा असतो. विजेचा दाब दिला की वाकणारी सिरॅमिकची चकती. एवढ्या छोट्या चकतीची ताकद वरच्या सुरांत असते. बेस सांभाळतो तो शेजारचा डायनॅमिकच. म्हणून अशा जोडीत पहिल्यांदा लक्षात येतं ते तारांचं करकरणं, ब्रशने वाजवलेला ड्रम, गायिकेचा श्वास. नीट जुळवलं असेल तर आवाजाला एक प्रकारची जवळीक येते, वाद्य हाताने चाचपल्यासारखी. नीट जुळवलं नसेल तर 'स' आणि 'श' टोचतात. कमी पैशात दुसरी शक्यता जास्त, कारण जास्तीच्या ड्रायव्हरला जास्तीचं ट्यूनिंग, म्हणजे सुरांचा तोल जुळवणं, लागतं, आणि खर्च कमी करायचा झाला की कात्री तिथेच लागते.

त्याच पैशात साधा एकच डायनॅमिक ड्रायव्हरवाला इअरफोन घेतला तर सगळा खर्च एका गोष्टीवर झालेला असतो. मूनड्रॉप चू किंवा सेव्हनहर्ट्झ झीरो २ यांसारख्या मॉडेलांनी या गटाची पातळी इतकी वर नेली आहे की बोन कंडक्शनवाल्याला आता 'वेगळा आहे' एवढ्यावर पास होता येत नाही. थोडे अधिक पैसे असतील तर एक डायनॅमिक आणि तीन बॅलन्स्ड आर्मेचरवाला ट्रूथिअर हेक्सा आहे. वाद्यं वेगवेगळी करून ऐकायची असतील तर माझा कौल अशा मॉडेलाकडे जाईल, हाडाकडे नाही.

ग्राफ बघून खरेदी करणाऱ्यांनी इथे थांबावं. इअरफोनचे फ्रीक्वेन्सी ग्राफ, म्हणजे कोणता सूर किती मोठा वाजतो ते दाखवणाऱ्या रेषा, धातूच्या कृत्रिम कानात मोजतात. ते यंत्र फक्त हवेचा दाब ऐकतं. त्याला ना कूर्चा, ना कवटी. त्यामुळे कवचातून अंगाला पोचणारं कंपन त्या रेषेत उतरतच नाही. साध्या इअरफोनचा ग्राफ वाचून तो कसा वाजेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. बोन कंडक्शनवाल्याचा ग्राफ अर्धीच हकिकत सांगतो, आणि उरलेली अर्धी प्रत्येक कानात वेगळी. न ऐकता मागवणाऱ्यासाठी ही सर्वांत मोठी अडचण आहे. माझ्या हिशेबात तरी ती आवाजाच्या फरकापेक्षा मोठी आहे.

बसण्याची गोष्टही यातूनच येते. साध्या इअरफोनला रबरी टिपने नळी नीट बंद केली की पुरे, कवच बाहेर थोडं लोंबलं तरी चालतं. बोन कंडक्शनवाल्याचं कवच कानाला चिकटून बसलं नाही तर ज्यासाठी पैसे मोजले तेच निसटतं. त्यामुळे अशी कवचं बहुधा जाडजूड. लहान कानांच्या लोकांना तासाभरात दुखरी जागा जाणवते. तिथे माझा सल्ला सरळ नकाराचा आहे.

फोनचा डोंगल (वायरवाला इअरफोन फोनला जोडायचं छोटं अडॅप्टर) बहुतेकदा पुरतो. जुन्या अँप्लिफायरला जोडणार असाल तर मात्र सावध राहा: पिएझोचा विद्युतरोध वरच्या सुरांकडे घटत जातो, त्यामुळे यंत्र बदललं की झांजांचा तोल बदलू शकतो.

आणि कान मोकळे ठेवणारी पट्टी

हिची तुलना वरच्या दोघांशी करणं म्हणजे छत्रीची तुलना रेनकोटाशी करण्यासारखं आहे, पण लोक ती करतात आणि कारणही रास्त आहे: पैसे एकदाच जाणार.

संगीतात ती हरते, आणि थोडक्यात नाही. कवटीला डावं-उजवं फारसं कळत नाही. एका बाजूला दिलेलं कंपन दुसऱ्या कानाच्या शंखापर्यंत जवळपास तेवढंच पोचतं, त्यामुळे स्टिरिओचा पसारा आखडतो. बेस वाढवायला जावं तर गालावर गुदगुल्या होतात, कारण खालची कंपनं कानाआधी कातडीलाच कळतात. बोलकी साक्ष खुद्द शॉक्झची आहे. २०२४ च्या ओपनरन प्रो २ मध्ये त्यांनी बोन कंडक्शनच्या जोडीला हवेतून वाजणारा स्पीकर बसवला, खालचे सूर सांभाळायला. वीस वेळा वाचलेल्या जाहिरातीपेक्षा हा एक निर्णय जास्त सांगून जातो.

पण पळताना मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी असेल, कामावर कुणी हाक मारली तर कळायला हवी असेल, किंवा कानात काही घातलं की खाज आणि ओल होत असेल, तर इअरफोन कितीही चांगला असला तरी तो चुकीचीच वस्तू आहे. पॉडकास्ट, बातम्या, कॉल यांना पट्टी छान. पोहणाऱ्यांसाठी एक सूचना: ब्लूटूथ पाण्यातून जात नाही. गाणी साठवून ठेवायची सोय ज्यात आहे, तेच मॉडेल बघा.

गोंगाटात तिचा तोटा उघडा पडतो. कान मोकळे म्हणजे इंजिनाचा आवाजही मोकळा, मग आवाज वाढवत नेण्याचा मोह होतो. इअरप्लग घातला तर गोंगाट कमी होतो आणि बेसही फुगतो, अगदी सुरुवातीच्या बोटांच्या प्रयोगासारखा, पण मग कान मोकळे राहत नाहीत. रोज रेल्वेत किंवा बसमध्ये ऐकणाऱ्याने नीट बसणारा साधा इअरफोन घ्यावा. टिप बरोबर मापाची असेल तर बाहेरचा आवाज तिथेच बराच अडतो आणि कमी आवाजात भागतं.

मग कुणी काय घ्यावं

पहिलाच बरा इअरफोन घेत असाल तर एकच डायनॅमिक ड्रायव्हरवाला. यावर मी फार वाद घालणार नाही. रस्त्यावर पळत असाल तर पट्टी. बोन कंडक्शनवाला कानातला इअरफोन तिसऱ्या माणसासाठी: ज्याच्याकडे एक चांगला साधा इअरफोन आधीच आहे, ज्याचे कान मोठे किंवा मध्यम आहेत, जो तारवाद्यं किंवा आवाजाचे बारकावे ऐकतो आणि ज्याला वेगळी चव हवी आहे. त्यानेही परत करण्याची मुदत असेल तिथूनच घ्यावा.

आणि हातात आल्यावर एक तपासणी करावी. एका बाजूच्या इअरफोनच्या नळीचं तोंड बोटाने घट्ट दाबून बंद करा, त्याच बाजूचा कान दुसऱ्या हाताने बंद करा आणि कवचाची पाठ कानामागच्या हाडावर टेकवा. आता गाणं लावा. ओळखू येईल इतकं ऐकू आलं तर आत काहीतरी खरंच हलतंय. हाच प्रयोग लगेच साध्या इअरफोनवर करा, कारण थोडं तर प्रत्येक कवच थरथरतं. दोघांत फरक कळला नाही, तर परतीचा अर्ज त्याच दिवशी भरा.