नऊ महिने, साडेसहा हजार किलोमीटर आणि एक साईड स्टँड

गाडी कोणती ते सांगत नाही. साडेतीनशे सीसी, गोल हेडलाईट, जुन्या वळणाची टाकी. आकडे तुम्हाला पाठ असतील. इंजिन छान, ब्रेक ठीक, मायलेज माझ्या हातात ३५ च्या आसपास, सीट दीड तासानंतर सूड उगवते. झालं. आता साईड स्टँडबद्दल बोलू.

या स्टँडचा तळवा मी मोजलाय. काडेपेटी त्यावर ठेवली तर बाहेर डोकावते. एकशे नव्वद किलोच्या धुडाला एवढासा पाय! मेन स्टँड कंपनी देत नाही, ॲक्सेसरी म्हणून वेगळा विकते. चेनला तेल द्यायचं तर मागचं चाक कोणाला तरी उचलून धरायला सांगा. शोरूमच्या टाईल्सवर यातलं काही कळत नाही. मला कळलं दिवाळीनंतरच्या शनिवारी, साकोलीच्या पुढे.

नागपूरहून सहा गाड्या निघालो होतो. भंडारा, लाखनी, साकोली, आणि तिथून सानगडीवरून नवेगावबांध. हायवेवर ट्रक आणि धूळ, बाकी सांगण्यासारखं काही नाही. साकोलीला हायवे सोडला की मात्र मजा आहे. हलका (लवकर येणारा) धान कापून पडलेला, भारी (उशिरा येणारा) धान अजून बांध्यांमध्ये उभा, अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेला. आणि थोडं गेलं की पाणी. कुठे बोडी, म्हणजे छोटं तळं, कुठे मामा तलाव. आमच्यात पुण्याचा एक पाहुणा होता, त्याने विचारलंच, कोणाचा मामा? मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणारी जुनी जमीनदारी, गेली, तलाव राहिले, सरकारी कागदांत नाव असं आखडलं.

अशाच एका तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, आम्ही थांबलो. पाण्यात शिंगाड्याची वेल पसरलेली, कडेला कमळं. पाच जण फोटो काढायला पुढे गेले. मी हेल्मेट आरशाला अडकवलं आणि दोन पावलं टाकली असतील, तोच मागून आवाज आला. धप्प. मोठा नव्हता, ओल्या मातीत गाडी पडते ती अशीच पडते.

स्टँड पुरता आत गेला होता. उचलल्यावर तिथे बोटभर खोल, चौकोनी भोक, आणि बघता बघता त्यात पाणी भरलं. क्लचची दांडी वाकली, डावा आरसा गेला, गिअरचा लिव्हर इतका आत दबला की बुटाचं टोक खाली जाईना. हेल्मेटवर ओरखडा, त्याचा हिशोब वेगळा. तलावात जाळं लावणारे दोन ढीवर धावत आले, त्यांनीच गाडी उचलायला हात दिला. त्यातले म्हातारे म्हणाले, "बापू, खाली गोटा ठेवाचा ना." बस, एवढंच. पाच महिन्यांत मला शोरूममध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी (ग्रुपचे ज्येष्ठ, दुर्बीण नेहमी गळ्यात) तेवढ्यात कमळपक्षी दाखवला. कमळाच्या पानावरून पाण्यावर चालत होता. लांबच लांब बोटं, वजन सगळीकडे पसरलेलं, पान जेमतेम दबतं. सगळे "अरे वा" करत होते. मी वाकलेला लिव्हर हातात धरून त्या पक्ष्याचे पाय बघत होतो. ज्याने हा स्टँड आखला त्या इंजिनिअरला इथे आणून उभं केलं पाहिजे, एवढंच मनात.

लिव्हर दगडाने ठोकून थोडा बाहेर काढला. पुढे नवेगावपर्यंत मी बहुतेक तिसऱ्या गिअरवरच चालवली, आणि इथे इंजिनचं कौतुक केलं पाहिजे: पंचविसाच्या वेगातही कुरकुर न करता ओढत राहिलं.

नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. डोंगरांच्या मधल्या फटी मातीने बुजवल्या आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचं पाणी अडवलं. ती माती आजही उभी आहे. तेव्हा पाळीला नावं ठेवू नका, दोष माझ्या गाडीच्या पायाचा आहे. संध्याकाळी सगळे पाण्याकाठी बसले होते, मी काठावर चपटा दगड शोधत फिरत होतो. वीस रुपयांचे उकडलेले शिंगाडे घेतले होते, तेही इतरांनीच संपवले.

रविवारी इटियाडोह. गाढवी नदीवरचं धरण, साग आणि बांबूतून जाणारा रस्ता, सकाळी साडेसातला बोटं गारठवणारी हवा. गोठणगावच्या तिबेटी वस्तीत मोमो खाल्ले. निम्मी वस्ती स्वेटरच्या धंद्याला शहरांत गेलेली. तिथलं अंगण सिमेंटचं. दोन दिवसांत गाडी पहिल्यांदा माझ्या मदतीशिवाय उभी राहिली.

नागपूरला सर्व्हिस सेंटरमध्ये बिल झालं २,१४० रुपये. मी म्हटलं, स्टँड खचतो हा तुमचा दोष आहे. तिथला मुलगा म्हणाला, "सर, अशा जागी कोणी गाडी लावतच नाही." मी काउंटरवरचं माहितीपत्रक उलटं करून त्याच्यापुढे ठेवलं. पहिल्याच पानावर गाडी तळ्याकाठी उभी! तो हसला, बिल कमी केलं नाही. वर रुंद तळव्याची ॲक्सेसरी सुचवली, ९५० रुपये. त्या चित्रात स्टँडखाली दगड लपवलेला असणार, हे मी आता पैजेवर सांगतो.

९५० मी देणार नव्हतो. घरी रंगाच्या डब्याचं झाकण होतं, त्याला भोक पाडून नायलॉनची दोरी बांधली आणि दुसरं टोक हँडलला. गाडी लावताना झाकण खाली टाकायचं, निघताना दोरी ओढायची. खर्च शून्य. ग्रुप हसला.

इथपर्यंतचं डिसेंबरमध्ये लिहून ठेवलं होतं. पुढे जरा मत बदललं.

जानेवारीत हाव सुटली आणि वेल्डिंगवाल्याकडून जुन्या गेटची पट्टी तळव्याखाली जोडून घेतली, ८० रुपयांत. पहिले आठ दिवस राजा होतो. मग लक्षात आलं की पट्टीच्या जाडीने गाडी जास्त सरळ उभी राहते. सपाट रस्त्यावर बाजूने ट्रक गेला की उजवीकडे कलायची. एकदा भिंत होती म्हणून वाचली. म्हणजे कंपनीने निदान कोनाचा विचार केला होता, हे मान्य करावं लागतं. चिडूनच, पण मान्य.

फेब्रुवारीत नवीनच. गिअर टाकला की इंजिन बंद. स्टँड खाली असेल तर गाडी पुढे जाऊ नये म्हणून जो स्विच असतो, त्याला स्टँड कायम खालीच वाटत होता. सर्व्हिस सेंटरने पट्टी बघितली आणि वॉरंटी नाही म्हणून मोकळे झाले. पाऊण तास भांडलो. घरी येऊन रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो तर स्विचमधून वाळलेली पिवळट माती निघाली, तिच्यात धानाचं तूस. ती भंडाऱ्याचीच, दुसरीकडे कुठे गाडी अशी लोळली नाही. साफ केल्यावर आजपर्यंत तक्रार नाही.

पट्टी कापून काढली, त्याचे पुन्हा ५०. म्हणजे झाले १३० रुपये, आणि पुन्हा झाकणच. गाडी विकणार का, असं विचारत असाल तर नाही. साकोली ते नवेगाव तिने ज्या गिअरवर नेलं ते विसरणार नाही.

येत्या दिवाळीनंतर घोडाझरी तलावाकडे जायचं ठरतंय. मागच्या आठवड्यात मास्तरांचा फोन आला, आवाज जरा खाली आणून विचारलं, रंगाच्या डब्याची अजून झाकणं आहेत का? दोन आहेत. एक त्यांना ठेवलंय.