‘आक्लं एर्मेक’ नीट कळलं ते या फुकटच्या शब्दकोशामुळे

तुर्की शिकायला लागून दीड वर्ष होत आलं, राहते अंकाराला, म्हणजे दिवसभर भाषा कानावर पडतच असते, तरी वाक्प्रचारांपाशी माझं गाडं नेहमी अडायचं. म्हणून तुर्की भाषा संस्थेच्या, म्हणजे त्युर्क दिल कुरुमूच्या ऑनलाइन शब्दकोशाबद्दल लिहितेय. ही सरकारी संस्था 1932 साली आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याच्या पुढाकाराने सुरू झाली आणि तिचा शब्दकोश वेबसाइटवर पूर्ण फुकट आहे, लॉगिन नाही की पैसे नाहीत, थेट उघडायचा आणि शोधायचा.

आधी तो वाक्प्रचार सांगते. आमच्या शेजारी एक तेयझे राहतात (तेयझे म्हणजे मावशी, पण इथे वयाने मोठ्या कुठल्याही बाईला तेयझे म्हणतात, अगदी आपल्यासारखंच). त्यांचे यजमान तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते आणि पाच वर्षांचा नातू दिवसभर त्यांच्याकडे असायचा. एकदा मी चहाला गेलेले, तेयझे नातवासाठी संत्रं सोलत होत्या, एकेका फोडीचे पांढरे दोरे काढून त्याच्या हातावर ठेवत होत्या आणि तो विचारत होता, देदेम ने झामान गेलेजेक, आजोबा कधी येणार. त्यांनी त्याला काहीतरी सांगून आत खेळायला पाठवलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “दाहा आक्लं एर्मेझ.”

शब्द सगळे ओळखीचे होते. आकल म्हणजे आपली अक्कलच, मूळ अरबी, आपल्याकडे फारसीतून आली आणि त्यांच्याकडेही तीच. आक्लं म्हणजे त्याची अक्कल, आणि त्यातला शेवटचा उच्चार आपण ‘असं’, ‘तसं’ बोलताना जसा शेवट करतो ना, जवळपास तसाच, तुर्की रोमन लिपीत लिहितात आणि तिथे बिनटिंबाचा आय असतो. एर्मेक म्हणजे पोचणं. मग वाक्य झालं, याची अक्कल अजून पोचत नाही. पण मराठीत ‘तुझी अक्कल तिथवर पोचणार नाही’ म्हटलं की तो टोमणा होतो, आणि तेयझेंच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता, उलट माया होती. त्यामुळे मी गोंधळले.

त्याआधी मी एक फ्लॅशकार्डचं ॲप वापरत होते, नाव घेत नाही, त्यात ‘आक्लं एर्मेक’ म्हणजे समजणं एवढंच दिलेलं. तेवढ्यावर विसंबून मी क्लासमध्ये व्याकरणाचा एक मुद्दा कळल्यावर ‘आक्लम एर्दी’ म्हणाले, तर बाईंनी थांबवलं आणि सांगितलं की आत्ता ऐकलेलं कळलं तर नुसतं आनलादम, म्हणजे समजलं, एवढंच म्हणायचं, ते वेगळं आणि हे वेगळं. वेगळं म्हणजे नक्की काय, ते मला या शब्दकोशात सापडलं.

तिथे आकल शोधलं की अर्थांच्या खाली त्या शब्दापासून बनलेल्या म्हणी आणि वाक्प्रचारांची भली मोठी यादी येते. अक्कल देणं म्हणजे सल्ला देणं, अकलेत ठेवणं म्हणजे लक्षात ठेवणं, अक्कल पळवून लावणं म्हणजे वेड लागणं, असं वाचत वाचत माझा एक तास कसा गेला कळलंच नाही. मग मी एर्मेक शोधलं आणि तिथे खरा उलगडा झाला. एर्मेक म्हणजे नुसतं पोचणं नाही, पीक किंवा फळ तयार होणं यालाही एर्मेकच. त्याच धातूपासून एर्गेन, म्हणजे वयात येणारा मुलगा किंवा मुलगी, एर्गिन म्हणजे सज्ञान, आणि एर्मिश म्हणजे सिद्धपुरुष, जो पोचलेला आहे तो! आपणही संतांना पोचलेले म्हणतोच की. हे वाचल्यावर तेयझेंचं वाक्य मला मराठीतच ऐकू आलं, “अजून कळतं वय नाही हो त्याचं.”

वापराचं एक सांगते, कारण ही चूक महागात पडू शकते. लहान मुलाबद्दल हे बोलणं साधं आहे. स्वतःबद्दल, म्हणजे राजकारणात माझी अक्कल चालत नाही अशा अर्थाने बोललं तर नम्रपणा होतो. पण मोठ्या माणसाच्या तोंडावर ‘सेनिन आक्लन एर्मेझ’, म्हणजे तुझी अक्कल पोचत नाही, असं म्हणालात तर तो सरळसरळ अपमान आहे. आणि ‘मला कळायला लागल्यापासून’ म्हणायचं असेल तर लोक जास्त करून दुसरंच बोलतात, केंदिमी बिल्दिम बिलेली, शब्दशः मी स्वतःला ओळखायला लागल्यापासून. हेही मला किती आवडलं सांगू!

आता त्रासाच्या गोष्टी. सगळं तुर्कीत आहे, इंग्रजी अर्थ कुठेच नाही, त्यामुळे अगदी नवख्या माणसाला पहिले सहा-आठ महिने याचा फारसा उपयोग नाही, अर्थ वाचतानाच चार नवीन शब्द अडतात. मी दोन टॅब उघडून एकेक शब्द शोधत बसायचे, वेळ जायचा पण तसे शोधलेले शब्द पक्के बसले. दुसरं म्हणजे टिंबवाला आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत, चुकीचं टाइप केलं तर भलताच शब्द येतो. सर्चच्या चौकोनाखाली तुर्की अक्षरांची बटणं दिलेली आहेत ती वापरा. आणि आकलला प्रत्यय लागला की मधला स्वर गळतो, आकलचं आक्लं होतं, म्हणून यादी हवी असेल तर मूळ शब्दच टाका. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण वाक्प्रचारांचे अर्थ फार थोडक्यात देतात, कुणी कुणाला कुठल्या सुरात म्हणायचं हे तिथे कळत नाही, त्यासाठी तेयझेच लागतात. आजोबा नंतर घरी आले. परवा नातवाने स्वतःच संत्रं सोललं, दोरे काढायला बराच वेळ लावला आणि पहिली फोड त्यांना नेऊन दिली, तेव्हा तेयझे म्हणाल्या, “आर्तक आक्लं एरियोर,” आता कळायला लागलंय त्याला.