महालातल्या घरातून वाचवलेला पंखा, पायमशीन, मिक्सर आणि रेडिओ: नागपूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारण बहुतेकांना तोच हवा असतो. दिवाळीनंतर नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या सासरच्या घराचं काम निघालं. माळ्यावरून आणि मागच्या खोलीतून जे सामान बाहेर आलं त्यातला छताचा पंखा, उषाची पायमशीन, सुमीतचा मिक्सर आणि मर्फीचा वाल्व्हचा रेडिओ आज घरात रोज वापरला जातो. इस्त्री ठेवली आहे, पण वापरत नाही. फ्रीज सोडून दिला आणि तो सोडावाच, असं माझं ठाम मत आहे. हिवाळ्यापासून थेट नवतपा (मे-जूनमधले सगळ्यात तापणारे नऊ दिवस) ओलांडून पावसाळ्यापर्यंत वापरल्यावर माझी समजूत अशी झाली आहे: जी वस्तू फिरण्याचं काम करते ती वाचवण्यासारखी असते, कारण तिला लागणारं बेअरिंग, ब्रश, पट्टा आजही इतवारीच्या बाजारात मिळतो. जी तापते किंवा जिच्या पोटात गॅस असतो तिचा मोह धरू नये. रेडिओ या दोन्हींत बसत नाही, त्याचं पुढे सांगते.

घराचं काम काढणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हातोडा पडायच्या आधीची आहे. जुन्या पंख्यात आणि मोटरींमध्ये तांबं असतं, आणि तोडफोडीतलं भंगार कोणाचं यावर ठेकेदाराशी आधी बोलणं झालं नसेल तर ते तांब्याच्या भावाने कबाड्याकडे जातं. यात ठेकेदाराची लबाडी असते असं नाही, हा धंद्याचा रिवाज आहे. आम्ही करारात एक ओळ घातली: माळ्यावरचं आणि भिंतीवरचं सामान घरमालकाचं. शिवाय जे ठेवायचं त्यावर खडूने फुली मारली. पंखा उतरवायच्या आधी प्रत्येक पातीवर आणि ती जिथे बसते त्या जागेवर एकच आकडा लिहून ठेवा. पाती जोडीने तोललेली असतात. अदलाबदल झाली की पंखा डुलतो आणि मग दोष उगाच मोटरीला दिला जातो.

आता ओळख. वस्तू धुवायच्या, पुसायच्या आधी तिच्यावरचं सगळं वाचून फोटो काढून घ्या. कागदी चिकटपट्टी, दुकानदाराची पितळी पट्टी, तारेला बांधलेलं लेबल, सगळं. वस्तूचं वय बहुधा तिथेच सापडतं. नागपूरकरांना यात एक खास सोय आहे. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. म्हणून दुकानाच्या पट्टीवर नागपूरपुढे ‘सी.पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) असेल तर वस्तू साधारण १९५० च्या आधीची, ‘एम.पी.’ असेल तर १९५० ते १९५६ मधली. नोव्हेंबर १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. आमच्या पंख्याच्या वरच्या कपावर सीताबर्डीवरच्या एका दुकानाची पट्टी आहे, तिच्यावर स्पष्ट ‘एम.पी.’ लिहिलं आहे. दुकानदार जुन्या पट्ट्या संपेपर्यंत लावत असणारच, म्हणून एक-दोन वर्षं पुढेमागे धरावीत.

दुसरी खूण पत्त्याची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. कंपनीच्या पत्त्यात शहराच्या नावापुढे एक-दोन अंकी विभाग क्रमांक असेल तर छपाई बहुधा त्याआधीची, सहा अंक असतील तर नक्की नंतरची. पावती मिळाली तर आणखी छान: हिशेब आण्यांत असेल तर ती एप्रिल १९५७ च्या आधीची असण्याची शक्यता जास्त, ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतली. प्लेटवर वारंवारता हर्ट्झमध्ये नसून ‘सी/एस’ (सायकल प्रति सेकंद) अशी असेल तर तीही जुनेपणाची खूण. हर्ट्झ हे नाव १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीत आलं, पण आपल्याकडच्या प्लेटा लगेच बदलल्या नाहीत, म्हणून एवढ्या एका खुणेवर वय ठरवू नये.

पंख्याविषयी सविस्तर लिहिते, कारण मेमधल्या नागपुरात पंखा ही चैनीची गोष्ट नाही. ओतीव लोखंडाचा जड गोळा, ॲल्युमिनियमची रुंद पाती. इतवारीतल्या ज्या मेकॅनिककाकांकडे नेला त्यांनी वीज लावायच्या आधी मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून वाइंडिंग, म्हणजे मोटरीतलं तारेचं वेटोळं, आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन तपासलं. २ मेगओहमच्या खाली काही दिसलं तर हात लावणार नाही, हा त्यांचा नियम. आमचा आकडा भरपूर वर आला तेव्हा ते म्हणाले, “ताई, याचं वाइंडिंग हलवू नका जी. कोणी भरून देतो म्हटलं तरी नाही म्हणा.” बदललं ते एवढंच: दोन्ही बेअरिंग, कंडेन्सर, आतली वायर, आणि ज्यावर पंखा लटकतो त्या शॅकलचं रबर, बोल्ट, पिन. मजुरी धरून नव्या साध्या पंख्याच्या निम्म्याहून कमी खर्च आला. जुना कंडेन्सर धातूच्या डबीतला, तेल भरलेला होता. अशा डब्यांच्या तेलात पीसीबी हे घातक रसायन असू शकतं, म्हणून तो फोडायचा नाही, पिशवीत बांधून ई-कचऱ्यात द्यायचा. स्लॅबमधला हुकही नवा बसवला. जुना पंखा नव्यापेक्षा जड असतो, त्याला जुन्या गंजक्या हुकावर परत टांगणं म्हणजे खाली झोपणाऱ्याच्या जिवाशी खेळ.

वापर कसा? हवा भरपूर आणि खोलीभर सारखी. आवाज जवळजवळ नाही, फक्त चालू होताना बारीक घूं. पाती वेग धरायला वेळ घेतात, बटण दाबल्याबरोबर वारा हवा असेल त्याला हे खटकेल. वीज मात्र जास्त खातो. मीटर लावून पाहिलं, पूर्ण वेगाला ७५ वॉटच्या आसपास. आजचे कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरीचे पंखे ३० वॉटच्या आसपास चालतात. रोज बारा तास धरले तर महिन्याला १६ युनिटचा फरक पडतो. एका खोलीत मला तो परवडतो. पाच खोल्यांत असे पाच पंखे लावा असं मी कोणाला सांगणार नाही. सोबत आलेला लाकडी पेटीतला रेग्युलेटर काढून टाकला. तो वेग कमी करताना वीज उष्णतेत घालवतो आणि हात लावून पाहिला तर चांगलाच तापतो. त्या जागी कंडेन्सरवाला साधा स्टेप रेग्युलेटर आहे. नवतप्यात बाहेर ४५ अंशांच्या घरात पारा असताना कूलर आणि हा पंखा रात्रंदिवस चालले. मोटर गरम झाली, वास कधी आला नाही.

पायमशीनबद्दल तक्रारच नाही. मी या मशीनला सगळ्यात वरचे गुण देते. साफ करताना सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका, जुन्या मशीनवरच्या सोनेरी नक्षीवरचं वार्निश त्याने विरघळू शकतं. किंचित मशीनचं तेल आणि मऊ फडकं पुरतं. आत घट्ट झालेलं तेल रॉकेलने सुटतं, मग शिलाई मशीनचं पातळ तेल प्रत्येक भोकात एकेक थेंब. खोबरेल चुकूनही नको, थंडीत तेच गोठून मशीन जड करतं. चामड्याचा पट्टा नवा घातला. साधी गोल बॉबिन आणि १४, १६ नंबरची सुई कुठल्याही शिलाईसामानाच्या दुकानात मिळते. यावर पडदे, उशांचे अभ्रे, जुन्या साड्यांची गोधडी, सगळं झालं. डेनिमच्या चार घड्यांतून सुई सरळ गेली. टाका वर-खाली सारखा यायला टेन्शन थोडं जुळवावं लागलं. सासूबाईंनी चाकावर हात ठेवून पायाने ताल दिला आणि ते दोन मिनिटांत जुळवून दिलं. लग्नानंतर त्यांनी सगळ्या घराचे कपडे याच मशीनवर शिवले होते.

सुमीतचा मिक्सर १९७२ नंतरचा आहे हे पत्त्यातल्या सहा अंकांवरून कळलं. ही कंपनी १९६३ ची, आणि भारतीय स्वयंपाकाचं ओलं-कोरडं वाटण झेपेल अशी मोटर देणं हाच तिचा हेतू होता. आमच्याकडे कसोटी सावजी मसाल्याची असते. भाजलेलं खोबरं, खसखस, धणे, दगडफूल, काळी मिरी, सगळं कोरडं. मिक्सर ते बारीक करतो, न कुरकुरता. जुना मिक्सर घेताना किंवा परत चालू करताना वरच्या फटीतून मोटरीकडे पाहा. ब्रशच्या टोकाशी बारीक ठिणगी असणं साहजिक आहे. ठिणगी गोल फिरून पूर्ण कडं झाल्यासारखी दिसली तर आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, गेलं समजा. आमचं ठीक होतं, कार्बन ब्रश तेवढे बदलले. भांड्यांच्या बुशमधून काळं तेल झिरपत होतं, ते खाण्यात गेलं असतं, म्हणून बुश आणि कपलर नवे लावले. आवाज मोठा आहे, शेजारच्या खोलीतला फोन ऐकू येत नाही. सकाळी सहाला चटणी वाटायची असेल तर घरच्यांना आधी सांगून ठेवावं लागतं.

रेडिओ हा वेगळा विषय, आणि इथे मनापासून सावध करते: वाल्व्हचा जुना रेडिओ माळ्यावरून काढून थेट प्लगमध्ये घालू नका. आत दोन-अडीचशे व्होल्टचा डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ राहतो. वर्षानुवर्षं पडून सुकलेला कंडेन्सर शॉर्ट झाला तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो जळला की खर्च रेडिओच्या किमतीवर जातो. जाणकार माणूस सेट आधी सिरीज बल्बवर घेतो, म्हणजे वीज एका साध्या बल्बमधून सेटला देतो. बल्ब भगभगून पेटला तर आत दोष आहे, क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. आमच्या सेटमधले पॉवरचे आणि मेण-कागदाचे कंडेन्सर सगळे बदलले, वाल्व्ह सगळे मूळचे निघाले. पाठीमागच्या पुठ्ठ्यात खोचलेलं पोस्टातलं रेडिओ लायसन्सचं पुस्तक सापडलं. दरवर्षी फी भरून शिक्का घ्यावा लागे, ती पद्धत पुढे १९८० च्या दशकात गेली. शिक्क्यांवरून सेट घरात कधी आला ते वर्षासकट कळलं. तुमच्या सेटमागेही हात घालून पाहा.

आकाशवाणी नागपूर १९४८ ची. मध्यम लहरींवर ती ५८५ किलोहर्ट्झवर लागते. जुन्या डायलवर आकडे मीटरमध्ये असतात, म्हणून काटा ५१३ मीटरच्या जागी न्यायचा. माळ्यावर तांब्याच्या जाळीची एरियलची पट्टीही होती, ती खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणली आणि आवाज एकदम भरून आला. अडचण एकच, पण मोठी: एलईडी बल्ब आणि इन्व्हर्टर मध्यम लहरींत सतत घरघर घालतात. संध्याकाळी त्या खोलीतला एलईडी बंद करूनच बातम्या ऐकतो. आवाजाची ऊब मात्र मला कुठल्याही ब्लूटूथ डब्यात मिळालेली नाही. सेट तापतो, म्हणून पाठ भिंतीपासून वीतभर दूर ठेवतो आणि घरी कोणी नसताना चालू सोडत नाही.

फ्रीजचं दुःख झालं. गोल कडांचा, कडीच्या दाराचा, रंग अजून शाबूत. पण त्या काळच्या फ्रीजमधला आर-१२ हा गॅस ओझोनला घातक म्हणून भारतात २०१० पासून बंद आहे. गॅस गळून गेला तर कायदेशीरपणे भरता येत नाही, आणि दुसरा भरून चालवलेला जुना कॉम्प्रेसर वीजही फार खातो. त्याहून मोठं कारण दाराचं. कडीचं दार बाहेरून लागलं की आतून उघडत नाही. अंगणात ठेवलेल्या अशा फ्रीजमध्ये लपलेलं मूल अडकू शकतं. म्हणून गाडी यायच्या आधी आम्ही कडी उखडून ठेवली आणि नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्यांना दिला. कबाड्याला देऊ नका, तो नळी कापून गॅस हवेत सोडतो.

इस्त्री जड, थर्मोस्टॅट नाही, प्लगला अर्थची पिन नाही, आणि अशा इस्त्र्यांत तापणाऱ्या तारेभोवती ॲस्बेस्टॉसचा पत्रा असू शकतो. म्हणून ती उघडली नाही, वायर मुळाशी कापून टाकली, आता ती शिवणाच्या टेबलावर कापड दाबायला आहे. भिंतीतली जुनी रबरी इन्सुलेशनची वायर तर एकही वाचवली नाही. बोट लावलं की रबराचा भुगा पडत होता. बेकेलाइटचे काळे गोल स्विच मात्र ठेवले आहेत, ते फक्त पाहण्यासाठी, जोडण्यासाठी नाही.

सध्या काळजी मिक्सरची आहे. ब्रश मिळतात, पण त्या मॉडेलचं आर्मेचर मेकॅनिककाकांना बाजारात दिसलेलं नाही. ते जळलं तर भरून घ्यावं लागेल, म्हणून प्लेटवर जितकी मिनिटं सलग चालवायला सांगितली आहेत त्याच्या निम्म्यातच मी बंद करते. महाल, इतवारी, धंतोलीत कोणाकडे त्याच मॉडेलचा बंद पडलेला मिक्सर भंगारात जाणार असेल तर मला कळवा, मी योग्य किमतीला घेईन.