वेताळ टेकडीवरची रानफुलांची फेरी: या पावसाळ्यात नक्की जा

पुण्यात वेताळ टेकडीची देखभाल करणारा स्वयंसेवकांचा एक गट पावसाळ्यात रविवारी सकाळी रानफुलं दाखवायला नेतो. पैसे घेत नाहीत. जूनअखेरच्या फेरीला मी आई आणि सातवीतल्या लेकीला घेऊन गेले. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतेय, जा म्हणून.

खाणीच्या अलीकडे मुरमाड, उघड्या जागेवर एका काकांनी आम्हाला उकिडवं बसवलं आणि लेकीच्या हातात भिंग दिलं. गवतात पांढरी मुसळी फुललेली, शेजारी काळ्या मुसळीची जमिनीलगतची पिवळी फुलं. "मे महिन्यात इथं काही म्हणजे काही दिसत नाही. कंद सगळे मातीखाली. आणि नेमके तेव्हाच लोक वृक्षारोपणाचे खड्डे घेतात." कुदळीच्या एका घावात किती कंद जात असतील!

आईनं लगेच विचारलं, "मग झाडं लावायचीच नाहीत का?" काका अजिबात वैतागले नाहीत. समोरच्या उतारावरची ग्लिरिसिडियाची दाटी दाखवली. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, भराभर वाढतं म्हणून आपल्या टेकड्यांवर लावलं. त्याच्या गर्द सावलीत गवत आणि फुलं टिकत नाहीत. हा गट त्याची नवी रोपं उपटतो, माती असेल तिथंच देशी झाडं लावतो आणि माळ माळच ठेवतो. हे इतकं नीट मला आजवर कुणी समजावलं नव्हतं.

श्रावणात पुन्हा गेलो तेव्हा खरपुडी हे कंदापासून उगवणारं रानफूल दाखवलं, पण फक्त मोबाइलवर. जागा सांगत नाहीत, कारण लोक कंद उकरून नेतात. बरोबरच करतात. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात, आत शिरलेली चिलटं अडकतात, आणि परागांचं काम झालं की केस सुकून त्यांची सुटका होते. लेक घरी येऊन आठवडाभर हेच सांगत होती.

तक्रार एकच. गर्दी फार होते, मागच्यांना ऐकू येत नाही. दोन तुकड्या कराव्यात. वयस्कर माणसं सोबत असतील तर एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूनं या, चढ कमी पडतो. वर स्वच्छतागृहाची सोय नाही, पाणी स्वतःचं न्या.

पाऊस संपून गवत वाळायला लागलं की वणव्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेले मोकळे पट्टे, काढायचं काम असतं. तेव्हा माणसं कमी पडतात. फुलं बघून आलेल्यांनी त्या एखाद्या रविवारीही जावं. फावडी, हातमोजे त्यांच्याकडे मिळतात.