जुने हाती घडवलेले नळे (छपराची मातीची अर्धगोल कौलं): मागच्या पडवीवर घालून आठ महिने झाले, अख्खा पावसाळा काढला

राजापूर तालुक्यातलं आमचं चिऱ्याचं घर, मागच्या पडवीवर सिमेंटचा पत्रा होता, एप्रिलमध्ये दुपारी तिथे बसवायचं नाही आणि पाऊस लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. वाडीतलं एक जुनं घर स्लॅब टाकायला पाडत होते, त्यांचे नळे मी उचलले. 3000 आणले, एकेक बोटाने वाजवून बघितला, खणखणीत वाजला तो ठेवला, बद्द वाजला म्हणजे तडा असणार, तो बाजूला, असे जवळपास चारशे बाद झाले. घेणार असाल तर हे वाजवून बघणं अजिबात टाळू नका.

आता बरेच जण मंगलोरी कौलालाच जुनं कौल म्हणतात. ते मशीनमध्ये दाबलेलं, 1865 मध्ये बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेने मंगळूरला कारखाना काढला तिथून ते सगळीकडे गेलं. नळा त्याच्या कितीतरी आधीचा. कुंभार चाकावर एका तोंडाला निमुळती नळी ओढायचा, ओली असतानाच दोन बाजूंनी उभी चीर द्यायचा, नंतर तिथेच फोडून एका नळीचे दोन नळे. माझ्याकडच्या एका नळ्याला आतून चार बोटं ओढल्याचे वळ उमटलेत, पाचवं बोट कुठे टेकलं असेल ते पण कळतं. मी माझी बोटं त्यात ठेवून बघितली, त्या माणसाचा हात माझ्यापेक्षा लहान होता. तो नळा मी वर चढवलाच नाही, ओटीवर ठेवलाय.

घालायला माणूस मिळणं हीच खरी अडचण. मंगलोरी कौलाला खालून उंचवटे असतात, त्यांनी ते रीपेला (छपराच्या आडव्या लाकडी पट्टीला) अडकतं, नळा नुसता वजनावर बसतो. एक ओळ उताणी, निमुळतं तोंड खाली, मग दोन उताण्यांच्या सांध्यावर पालथा, त्याचं रुंद तोंड खाली. उतार जास्त झाला तर घसरतात, कमी झाला तर झडीचं पाणी उलटं आत चढतं. शेवटी सत्तरीतले एक काका आले, दोरी नाही काही नाही, नुसत्या नजरेने ओळी लावल्या, आणि जिथे नळा डुगडुगायचा तिथे तो बदलून दुसरा घ्यायचे, कारण दोन नळे एकसारखे नसतातच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन ठिकाणी टिपकलं, एका जागी नळा सरकला होता, दुसरीकडे नुसती ओल उतरत होती. सरकवलं, ओल आपोआप थांबली, मग जुलैच्या झडीत सुद्धा थेंब नाही. आवाज म्हणाल तर पाऊस ऐकू येतो पण बोलता येतं, आई आता संध्याकाळी तिथेच तांदूळ निवडत बसते. ऑक्टोबरच्या उन्हात पण पत्र्यासारखी धग नाही, दोन थरांमधून हवा खेळते.

वाईट एकच, माकडं. सप्टेंबरमध्ये एक टोळी पडवीवरून गेली आणि सत्तावीस नळे फुटले, बरेचसे आढ्याजवळचे. मंगलोरीही फोडतात ती, पण हे पातळ म्हणून जास्त. आणि दर मे महिन्यात शाकारणी करावी लागणार, उतरवून, झाडून, परत घालायचं, गावात वर्षभर कोणी नसेल तर खरंच घालू नका. आमच्याकडे उरलेले दीडशेएक नळे गोठ्यामागे उभे रचून ठेवलेत, आडवे रचले तर खालचे दबून फुटतात, आणि काकांना मेचं आत्ताच सांगून ठेवलंय, सोबत माझा पुतण्या पण वर चढणार आहे शिकायला.